पहिलं पाणी तोंडावर

माणिकप्पाचा डावा कान उजव्यापेक्षा मोठा हाय. जन्मताच तसा होता का पाइपाला लावून लावून ताणला, ह्यावर आमच्या वाडीत दोन तट हाईत. बायको शांताक्का म्हणती, "लग्नात मुंडासं होतं म्हणून दिसला न्हाय. न्हायतर म्या उभीच राहिले नसते." माणिकप्पा म्हणतो, मास्तरानं ओढला. खरं एवढंच, की त्या डाव्या कानानं त्यानं पाच गावच्या पाण्याचा ठाव घेतलाय, आन् उजव्या कानानं बायकोचं एक अक्षर ऐकल्यालं न्हाय.

धंदा त्याचा एकच. पाण्यात अडकलेली हवा बाहेर काढायची. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. त्याला नळ सोडला की पाणी येतंय, तो हसणारच.

ढोकीच्या अलीकडं आमची वाडी. तळं खाली आन् माळ वर. तळ्याचं पाणी माळावर न्यायचं म्हणजे मैल-दीड मैल पाइप पुरायचा. जमीन जशी वर-खाली तसा पाइप वर-खाली. जिथं उंचवटा असंल तिथं हवा जाऊन बसती, आन् एकदा बसली की आखाडातल्या जावयासारखी उठायचं नाव घेत न्हाय. खाली मोटार बोंबलत राहती, वर टिपूस येत न्हाय. मग माणिकप्पाला बोलावणं जातं. तो येतो, चहा मागतो, चहात साखर कमी हाय म्हणून मालकाची इज्जत काढतो, आन् लाइनीवरून चालायला लागतो. मधीच मातीत गुडघे टेकून, पाइप उघडा करून, डावा कान लावतो. आन् म्हणतो, "गाळी अद."

मूळचा तो उमरग्याकडचा. तिकडं पोटात कानडी असती आन् तोंडात मराठी. राग आला, देव आठवला, न्हायतर हवा सापडली, की त्याची कानडी बाहेर पडती. गाळी म्हणजे हवा, अद म्हणजे हाय. एवढी कानडी आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाबी येती.

आता रीत सांगतो, कारण पुढं सगळं त्या रीतीवर हाय.

नवी लाइन पहिल्यांदा सुरू व्हायची तवा माणिकप्पा माळाच्या टोकावर, एअर वॉलपाशी उकिडवा बसायचा. खालून मोटार सुरू व्हायची. वॉल उघडला की आधी हवा सुटायची, फुस्स करत, पाइपात मेलेल्या बेडकाचा आन् पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वास घिऊन. मग म्हातारं खाकरावं तसं दोनदा खाकरायची, आन् तिसऱ्यांदा गढूळ पाणी थेट माणिकप्पाच्या तोंडावर. ते तोंड त्यानं पुसायचं न्हाय. शेवटच्या रानात पाणी पोचलं आन् तिथनं "आलं" म्हणून हाळी आली, की मगच पुसायचं, ते बी मालकांनी दिलेल्या नव्या टॉवेलानं. टॉवेलासंगं टोपी आन् नारळ. ही रीत कुणी पाडली ठाव न्हाय. माणिकप्पानंच पाडली असणार, कारण टॉवेल त्यालाच मिळायचा. त्याच्या घरात असले एकोणचाळीस टॉवेल हाईत. शांताक्का त्यातला एकबी फरशी पुसायला घेत न्हाय, एवढा मान ती त्याला देती. त्याच्यापेक्षा जास्त न्हाय.

"चाळीस झाले की बास," माणिकप्पा दोन वर्सं म्हणत होता. "चाळिसावा गळ्यात पडला की म्या गुडघे टेकणं सोडलं."

आन् चाळिसाव्याच्या वक्ताला आमी घोटाळा केला.

आमी म्हणजे अकरा जण. सामायिकात नवी लाइन टाकली. म्होरक्या भागवत, आन् त्या अकरात म्या बी होतो, उगं साळसूद कशाला बनू. पाइप घेतला धाराशिवच्या गौरीशंकर शेठकडनं. शेठ म्हणजे वयानं चाळिशीचा, कपाळाला रोज इभूत, पायात रोज पांढरे बूट. त्यानं आमाला वॉल दाखवला. आत चेंडूसारखा गोळा. पाइपात हवा असली की गोळा खाली आन् वाट मोकळी. पाणी आलं की गोळा वर आन् वाट बंद. "ॲटोमॅटिक हाय," शेठ म्हणला. "माणूस लागत न्हाय."

आमी अकरा जणांनी माना हलवल्या. माणिकप्पाला हे सांगायचं कुणी, असं इचारल्यावर अकराबी माना जागच्या जागी थांबल्या. शेवटी भागवत गेला. भागवत म्हणजे गोड बोलणारा माणूस, पंगतीत वाढपी म्हणून चांगला.

"माणिकप्पा, यावं लागतंय बगा सोमवारी. पाणी सोडायचंय. भजी केल्यात."

"वॉलवर कोण बसणार?"

"त्ये... त्ये ॲटोमॅटिक हाय."

"मग भजी बी त्यालाच चारा."

भागवत परत आला आन् म्हणला, येतो म्हणलेत. आमी ऐकून घेतलं. खोटं हाय हे अकराजणांना ठाव होतं.

माणिकप्पाचं पत्र्याचं शेड माळाच्या चढाच्या पायथ्याला, फाट्यावर. आमच्या पाइपाची चारी त्याच्या दारावरनं खणली. तो बाजेवर बसून रोज बघायचा, आन् जेसीबीवाल्याला म्हणायचा, "आरं खोल घे की, मांजर पुरायलालास का?" दाढी करायची त्यानं सोडली. दोन भाकरी खायचा तिथं तीन खायला लागला. शांताक्का म्हणली, "दुसऱ्याला दुःख झालं की अन्न जात न्हाय. ह्यांना झालं की माझं जातं, थापून थापून."

सोमवार उजाडला. बाराचा मुहूर्त. शेठनं आधी माळावर वॉल बघायचा आन् मग खाली तळ्यावर जाऊन मोटारीचं बटण दाबायचं होतं, म्हणून आमी अकराजण टोप्या घालून साडेनवापासनं फाट्यावर, बरोबर माणिकप्पाच्या शेडापुढं उभे. तो बाजेवर बसून आमच्याकडं पाठ करून पेपर वाचत होता. पेपर मागच्या महिन्यातला होता.

दहा वाजता शेठची गाडी दिसली. ही गाडी म्हणजे एक प्रकरण होतं. पांढरी, बुटकी, परदेशी, हैदराबादच्या कुण्या हौशी माणसानं विकल्याली. तिच्या इंजिनावर सुपरचार्जर हाय, हे शेठनं आमाला पाइपाच्या गप्पांत निदान चार वेळा ऐकवलं होतं. म्हणायचा, "भागवत, पाय ठेवला की मुंडी मागं आदळती." त्या दिवशी गाडी अशी येऊलाली होती की मागनं दोन ट्रॉल्या उसाचा ट्रॅक्टर आला, हॉर्न दिला आन् तिला ओलांडून गेला. जाताना ट्रॅक्टरवाला म्हणला, "शेठ, दोर हाय माझ्याकडं. बांधू का?"

चढाच्या तोंडाला गाडीनं जीव टाकला. बंद पडली न्हाय, पण वर जाईना. ॲक्सिलेटर दाबला की नुसती घुमायची. आत काचेवर पिवळा दिवा लागल्याला. शेठ उतरला. कपाळावरची इभूत घामानं नाकावर आली होती.

"पाणी संपलं असंल," भागवत म्हणला, आन् आमच्यातले दोघं कळशी आणायला पळाले. ट्रॅक्टर तापला की रेडिएटरात पाणी, एवढीच आमची विद्या. बॉनेट उघडलं. टाकी तर काठोकाठ भरल्याली.

"बोअरचं पाणी घालू नका रे," शेठ ओरडला. "अन् पाणी हाय की. मागच्याच आठवड्यात शहरात पंप बदलून आणलाय."

बाजेवर पेपर खाली आला.

"कशाचा पंप?" माणिकप्पानं तोंड न वळवता इचारलं.

शेठनं आधी सांगावं का न्हाय असं तोंड केलं. मग सांगितलं, जरा जास्तच सावकाश, जसं बहिऱ्याला सांगतेत. हा सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. हवा दाबली की तापती. तापलेली हवा इंजिनाला सोसत न्हाय. म्हणून मधी इंटरकूलर, म्हणजे पाण्यानं हवा गार करायचा डबा. त्या डब्याला पाणी फिरवणारा बारका इलेक्ट्रिक पंप, तो बदलला. हवा गार झाली न्हाय तर गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाचा दम काढून घेतो, जळू नये म्हणून.

"म्हणजे गाडीत पाणी दोन ठिकाणी हाय," माणिकप्पा म्हणला. "एक इंजिनाचं, एक ह्या डब्याचं."

शेठ म्हणला, "व्हय."

"मग हे कळशी घिऊन कुठलं पाणी बघलालेत?"

कळशीवाले दोघं कळशीकडं बघायला लागले.

माणिकप्पा उठला. लुंगी खोचली, येऊन गाडीपाशी उभा राहिला, आन् पहिलं काम म्हणजे शेठला गाडी बंद करून अर्धा तास गप बसायला सांगितलं. "तापल्यालं टोपण उघडणाऱ्यांची तोंडं म्या बघितल्याती. घरच्यांनी वळखली न्हाईत." अर्धा तास आमी घड्याळाकडं बघत उभे. मग त्यानं डब्याला जाणाऱ्या दोन्ही रबरी पाइपांना हात लावला. मागचा अजून कढत, पुढचा थंडगार. पाणी फिरत असतं तर दोन्ही सारखेच लागले असते. पुढं एका बाजूला त्या पाण्याची बारकी टाकी होती, तिचं टोपण उघडलं. शेठला चावी नुसती फिरवायला लावली. पंप घुं घुं करायला लागला, पण टाकीतलं पाणी असं निवांत, की त्यात तोंड बघून भांग पाडावा. मग शेडातनं हातभर पाइपाचा तुकडा आणला, एक टोक पंपाला, दुसरं डाव्या कानाला. डोळे झाकले. आमी अकराजणांनी श्वास धरला, का ते आमालाच ठाव न्हाय.

"मोकळं जातं फिरलालंय," तो म्हणला. "दाणाच न्हाय मधी. गाळी अद."

शेठ चिडलाच. मुहूर्त चालला होता, बूट धुळीत होते, आन् लुंगीवाला माणूस त्याच्या परदेशी गाडीला आमच्या लाइनीचा आजार सांगत होता. "आप्पा, ही पीव्हीसीची लाइन न्हाय. ह्यातली हवा काढायला शहरात मशिन असतंय. तुमी ही हवा काढली तर वरच्या वॉलवर तुमाला आज माझ्या हातानं बसवतो. हे अकराजण ऐकलालेत."

"भागवत, ऐकलं का?"

"ऐकलं," भागवत म्हणला. त्याला काय, तो सगळ्यांचंच ऐकतो.

आता माणिकप्पाच्या हातनं जी चूक झाली ती लाइनीवर चाळीस वर्सं घालवल्याल्या माणसाच्याच हातनं व्हावी. लाइनीचं पाणी खालनं चढतं, हवा वर जाती, आन् सगळ्यात वर वॉल असतो. त्यानं बघितलं, डबा मागं, टाकी पुढं, आन् डब्याच्या डोक्यावर हवा काढायचा एक बारका इस्क्रू. मग म्हणला, डबाच अजून उंच करा. आमी गाडी ढकलून तोंड उताराकडं केलं. इस्क्रूला पाना लावला, तर शहरातल्या गड्यानं त्याची डोकी खाऊन गोटी केल्याली. पाना नुसता गरगर. आन् तोवर उताराला आलेल्या टाकीचं टोपण आमच्यातल्या कुणीतरी उघडं ठेवल्यालं. भळाभळा गुलाबी पाणी आलं, थेट शेठच्या पांढऱ्या बुटावर.

अकराजण हसले. म्या बी हसलो. माणिकप्पाच्या मानेची शीर फुगली.

"चाटू देऊ नका कुणाला," शेठ बूट झटकत म्हणला. "कूलंट हाय. गोड लागतं आन् जीव घेतं." शांताक्कानं शेळी ओढून मागं बांधली आन् सांडल्यालं पाणी मातीनं झाकलं. झाकता झाकता ती म्हणली, "लेकराचा ढेकर काढायला कुणी त्याला उलटं टांगतंय का? खांद्यावर उभं धरतेत. तोंड वर."

माणिकप्पा तिच्याकडं उजवा कान करून उभा होता. तरीबी त्यानं ऐकलं. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं असंल.

इस्क्रू गेला म्हणजे हवेला दार एकच उरलं, पुढच्या टाकीचं टोपण. मग ते टोपणच सगळ्यात उंच पाहिजे. ट्रॉलीत ऊस भरायला फाट्यावर मातीचा धक्का केल्याला असतो. आमी अकराजणांनी गाडी फिरवून पुढची दोन चाकं त्या धक्क्यावर चढवली. गाडी अशी तोंड वर करून बसली, जशी देवळापुढची नंदीच. माणिकप्पा पाइप दाबायला लागला, म्हशीचं आचळ दाबावं तसा, वरनं खाली, सोड, परत वरनं खाली. टाकीत बुडबुडे आले. मोठे चार, बारके धा-बारा. पाणी खाली गेलं. शेठनं डिकीतनं उरल्याल्या कूलंटचा कॅन काढला आन् भर घातली. परत दाबलं. मग बुडबुडे यायचे थांबले, पण पंप लावला तर पाणी अजून निवांतच.

"एक बसलीय आत," माणिकप्पा म्हणला. "मोठी. डब्याच्या पोटात. ढकलून जात न्हाय ती."

साडेअकरा झाले होते. शेठ घड्याळ बघत म्हणला, "जाऊ द्या आप्पा. मोटरसायकलवर जातो म्या वर."

 माणिकप्पा शेडामागं गेला. शेडामागं शांताक्काची भेंडी. पाव एकराला ड्रिप, आन् ड्रिपला खत सोडायचं ते प्लास्टिकचं यंत्र, व्हेंचुरी. त्याच्या मधल्या चिंचोळ्या भागातनं पाणी जोरात गेलं की बाजूच्या बारक्या नळीतनं ते बादलीतलं खत आपसूक ओढून घेतं. माणिकप्पानं ते पान्यानं सोडवून आणलं.

"आवं, आज खताचा दिस हाय भेंडीचा," शांताक्का मागनं ओरडत आली. "ते काय कामाला लावलालाव?"

"हवा ओढायच्या."

"भेंडी जळाली की माझ्यावरच आसूड ओढाल."

त्यानं व्हेंचुरी बोअरच्या पाइपाला जोडली. तिच्या ओढायच्या नळीला ड्रिपचा तीन तोंडाचा टी आन् दोन कॉक बसवले. एक वाट व्हेंचुरीकडं, एक कूलंटच्या कॅनात, आन् तिसरी गाडीच्या टाकीच्या तोंडात. तोंड बंद करायला बूच पाहिजे. ते काय शहरातलं मशिन नव्हतं. त्यानं दाणे काढल्यालं मक्याचं कणीस घेतलं, मधनं सळईनं भोक पाडून नळी घातली, वरनं सायकलची ट्यूब गुंडाळली, आन् शेठच्या परदेशी गाडीच्या तोंडात दाबून बसवलं. शेठनं डोळे झाकले.

"कॅनाचा कॉक बंद. बोअर चालू करा."

बोअरचं पाणी व्हेंचुरीतनं सुसाटत चारीत पडायला लागलं. घटकाभर काहीच न्हाय. मग गाडीतले रबरी पाइप आत जायला लागले. दात काढल्याल्या म्हाताऱ्याचे गाल जावे तसे चपटे. आतली हवा निघून चालली होती. "आता व्हेंचुरीचा बी कॉक बंद," माणिकप्पा म्हणला, आन् पाइप चपटेच राहतेत का ते बघत चिलीमभर वेळ उभा राहिला. राहिले. म्हणजे गळती न्हाय. मग त्यानं कॅनाचा कॉक उघडला.

कुणी ओतलं न्हाय, कुणी दाबलं न्हाय. कॅनातलं गुलाबी पाणी आपल्या पायानं गाडीत शिरायला लागलं. सरसर. दोन तांबे गेलं. शेठ गुडघ्यावर बसून कॅनाकडं बघत होता आन् पांढऱ्या पँटीला माती लागल्याली त्याला कळली न्हाय. पाइप परत गोल झाले.

माणिकप्पानं कणीस उपटलं, टाकीवर वाकला, म्हणला, "चावी."

पंप लागला. ह्या बारीला आवाजच निराळा, दाणा पडल्याल्या जात्यावाणी जडशीळ. टाकीतलं पाणी हललं, गरगरलं, आन् उरल्यासुरल्या एका बुडबुड्यानं असा ढेकर दिला की माणिकप्पाचं सगळं तोंड गुलाबी. कपाळ, भुवया, तीन आठवड्याची पांढरी दाढी. ओठ मात्र त्यानं घट्ट मिटल्याले होते, गोड हाय हे ऐकल्यालं होतं ना.

शेठनं खिशातनं रुमाल काढून पुढं केला.

माणिकप्पानं मान हलवली. ओठ न उघडता म्हणला, "अजून पोचलं कुठं?"

गाडी माळावर जाऊनच कळणार होतं. धक्क्यावरनं उतरवली. माणिकप्पा गुलाबी तोंडानं शेठच्या शेजारी बसला, म्या आन् भागवत मागं. शेठनं पाय ठेवला आन् आमच्या मुंड्या खरंच मागं आदळल्या. भागवतची टोपी मागच्या काचेला. अर्ध्या चढावर तो मघाचा ट्रॅक्टर दुसरी खेप घिऊन धापा टाकत चालला होता. शेठनं त्याला ओलांडताना काच खाली केली, पण काय बोलायचं ते सुचायच्या आत आमी वर पोचलो होतो.

शेठ शब्दाला पक्का निघाला. गाडीतनं उतरून त्यानं माणिकप्पाचा दंड धरला, वॉलपाशी नेलं आन् बसवलं. "आप्पा, आता तरी तोंड पुसा."

"दुसरं यायचंय. एकदाच पुसतो."

मग शेठ खाली मोटारीकडं गेला. वॉलपाशी आमी दोघंच. म्या त्या वॉलकडं बघितलं. त्याला चाक न्हाय, दांडी न्हाय, उघडायचं काहीच न्हाय. नुसता लोखंडी डबा, माणिकप्पा त्याच्यावर पंजा ठिऊन बसल्याला.

"आप्पा," म्या म्हणलो, "तुमी बसला न्हाय तरी पाणी यील की."

"यील."

"मग कशाला बसता?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं इस्क्रूची डोकी खाणाऱ्या गड्याकडं बघावं. "पाणी यील रे. पण कुणाच्या तोंडावर यील?"

खाली मोटार लागली. वॉल फुस्स करायला लागला, आपला आपण. बेडकाचा वास आला, तो काय ॲटोमॅटिक वॉलनं बदलत न्हाय. मग वॉल दोनदा खाकरला, आन् आतला गोळा वर चढून वाट बंद व्हायच्या आधी ओंजळभर गढूळ पाणी उडालं. गुलाबीवर मातकट. माणिकप्पा तसाच.

नारळ फुटला. टोपी आली. टॉवेल आला, पण तो मांडीवर ठिऊन माणिकप्पा हाळीची वाट बघत बसला. आमी भज्यांकडं गेलो.

तासाभरानं शांताक्का माळ चढून आली. व्हेंचुरी घ्यायला, दुसऱ्या कशाला न्हाय. व्हेंचुरी माणिकप्पाच्या बगलंत होती, विसरून संगं आणल्याली. तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं. गुलाबी आन् मातीचा थर वाळून तडकला होता, माश्या बसल्या होत्या, आन् एक डोळा नीट उघडत नव्हता.

"धुवा की ते थोबाड."

"हाळी न्हाय आली."

शांताक्का आमच्याकडं वळली. "शेवटलं रान कुणाचं?"

भागवतचं. माळाच्या पलीकडं, खोलगटात, जिथं मोबाइलची रेंजबी पोचत न्हाय. आन् भागवत इथं, तोंडात भजं, हातात भजं.

"आन् रानात कोण हाय हाळी द्यायला?"

भागवतनं तोंडातलं भजं गिळलं. कुणीच नव्हतं. ॲटोमॅटिक हाय म्हणल्यावर शेवटच्या रानात माणूस ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं न्हाय. पाणी कवाच पोचून बांध फोडून चाललं असंल, पण पोचलं म्हणून सांगणार कोण? माणिकप्पा त्याच्याशिवाय तोंड पुसणार न्हाय, हे बी सगळ्यांना ठाव. पुसलं न्हाय तर चाळिसावा झाला न्हाय.

शेठच उठला. कुणाला काही न बोलता गाडीत बसला आन् त्या बैलगाडीच्या वाटेनं पोट घासत पलीकडं उतरला. दगड लागल्याले आमाला इथवर ऐकू येत होते. दिसेनासा झाला.  माणिकप्पानं डावा कान त्या दिशेला केला.

खोलगटातनं हॉर्न वाजला. लांब, सलग, एखादी म्हैस व्यायला लागल्यावाणी.

माणिकप्पानं टॉवेलाची घडी मोडली आन् तोंड पुसलं. सावकाश, कानामागनं. पांढऱ्या टॉवेलावर गुलाबी-तपकिरी असं काहीतरी उमटलं, त्याच्या तोंडाचंच म्हणा ना. शांताक्कानं तो त्याच्या हातातनं घेतला, त्यात व्हेंचुरी गुंडाळली आन् भेंडीला खत द्यायला उतारानं निघून गेली.

खाली शेठ अजून हॉर्न वाजवतच होता.

"बास म्हणावं त्याला," माणिकप्पा मला म्हणला. "कळलं."